जोडीतली दुसरी साडी

रेखाचा फोन आला तेव्हा मी गॅसवर चहाचं आधण ठेवलं होतं. रेखा म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची, अक्काची सून, सासूला ती आत्या म्हणते. "मावशी, आत्या उठंनात..." एवढंच ती म्हणाली, आणि मग फोनमधून नुसता घरातला गलका ऐकू यायला लागला. गॅस बंद करून मी आत गेले, कपाट उघडलं आणि समोर उभी राहिले. आता कबूल करते, त्या वेळीसुद्धा मी साडी निवडली. हाताला लागली ती अंगाला गुंडाळून धावत सुटावं, तर नाही. ही फार भडक, ती फार नवी, असं करत मी पांढरट सुती साडी काढली, करड्या काठाची. प्रसंगाला साजेशी. आयुष्यभर शाळेत शिकवलेल्या बाईला साजेशी. सात रस्त्यावरून अशोक चौकाला रिक्षानं जायला वीस मिनिटंही लागत नाहीत. त्याआधी पाच मिनिटं मी कपाटासमोर घालवली, आणि अक्काला जाऊन आता पाच आठवडे झाले तरी ती पाच मिनिटं मला सोडत नाहीत.

मी पोचले तेव्हा ती अंथरुणावरच होती. डॉक्टरांचा दाखला आणायला गेले आणि दुपारी परत आले तोवर तिला बसवलं होतं. आमच्यात माणसाला आडवं नेत नाहीत, बसवूनच नेतात. कपाळाला विभूती, गळ्यात फुलांचे हार, आणि सवाष्ण गेली म्हणून अंगावर हिरवी साडी. रेखानं तिला तिची आवडती इरकल नेसवली होती, पोपटी अंगाची, लाल-पांढऱ्या पदराची. मी उंबऱ्यातच थबकले. कारण तशीच साडी, तोच पोपटी रंग, तोच पदर, अक्काच्या उजव्या हाताला आणखी एका बाईच्या अंगावर होता. ती महादेवी होती. माझ्या घरी गेली पंधरा वर्षं धुणंभांडी करणारी महादेवी. दोघी शेजारी शेजारी, एकीचे डोळे मिटलेले, दुसरीचे रडून सुजलेले. भाऊजींच्या गावाकडून, मंगळवेढ्याच्या बाजूनं, माणसं आली होती. त्यातल्या एका म्हातारीनं महादेवीच्या पाठीवरून हात फिरवला आणि विचारलं, "तुमी धाकटी भैन काय वो अक्काची?" महादेवीनं मान हलवली आणि माझ्याकडं बोट केलं. "न्हाय वो. भैन ह्या." म्हातारीनं माझ्या पांढरट साडीकडं एकदा पाहिलं, पुन्हा महादेवीच्या साडीकडं पाहिलं, आणि बाजूला सरकून मला जागा करून दिली.

ती साडी महादेवीच्या अंगावर कशी गेली, ते मला सांगायचं आहे. मृत्यूनंतर माणसाविषयी चांगलं लिहायचं असतं, आणि अक्काविषयी तर वाईट लिहायला माझ्याजवळ काही नाहीच. वाईट लिहायचं तर मला माझ्याचविषयी लिहावं लागेल, आणि ते टाळून अक्काची गोष्ट सांगता येत नाही.

आमचे वडील नव्या पेठेतल्या एका कापडाच्या दुकानात गिऱ्हाइकांना कापड दाखवायचं काम करायचे. ताग्याच्या शेवटी जो तुकडा उरे, तो दिवाळीच्या आधी मालक त्यांना घरी न्यायला देत. त्या एका तुकड्यात आई दोन फ्रॉक बसवायची, एक अक्काचा, एक माझा. अक्का माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. त्यामुळं व्हायचं काय, की माझा फ्रॉक मी दोन वर्षं घालायची, कारण वाढतं अंग म्हणून आईनं शिवणीच्या आत बोट-बोट कापड दाबून ठेवलेलं असायचं आणि दिवाळी आली की ती शिवण उसवायची. तो फ्रॉक पार आखूड झाला की अक्काला न येणारा तिचा फ्रॉक माझ्याकडं यायचा. त्याच फुलांचा! तीच गुलाबी फुलं मी पाच-पाच वर्षं अंगावर वागवली आहेत. आम्ही दोघी गल्लीतून निघालो की कट्ट्यावरच्या बायका म्हणायच्या, "आल्या बघा बँडवाल्या." बँडवाल्यांचा सगळ्यांचा एकसारखा पोशाख असतो ना, म्हणून. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मी मुद्दाम दहा पावलं मागं राहायची, म्हणजे आम्ही एकत्र नाही असं वाटावं. अक्का पुढं जाऊन वळणावर थांबायची. मी येईपर्यंत थांबायची. तिला वाटायचं, माझे पाय लहान आहेत म्हणून मी मागं पडते. किंवा तिला कळत असेल आणि ती तरीही थांबत असेल. हे मी तिला कधीच विचारलं नाही.

तिला मात्र बँडवाली म्हटलेलं फार आवडायचं. "बँड असल्याबिगर वरात निघती व्हय?" म्हणायची. आईचं सगळं शिवणकाम तिनं उचललं, आणि आईची एक पद्धतही. जोडीचे कपडे असले की दोन्ही कापडं एकावर एक अंथरायची, वरच्या कापडावर खडूनं रेघा ओढायची आणि दोन्हीतून कात्री एकदाच चालवायची. मापं वेगळी असली तरी गळा आणि बाहीचा मुंढा एकदमच, बाजू नंतर ज्याच्या त्याच्या मापानं. एकदा मी विचारलं, एवढा खटाटोप कशाला, एक एक कापलं तर काय बिघडतं? तेव्हा ती म्हणाली होती, "कात्री दुसऱ्यांदा त्याच वाटेनं जात न्हाय गं. केसभर तरी फरक पडतोच." जोडीतलं एक कापड यायचं असेल तर दुसरं ती तसंच घडी घालून ठेवून द्यायची, त्याला कात्री लावायची नाही. हे मला चांगलं माहीत होतं. माहीत असून मी विसरले... पण ते पुढं.

लग्न होऊन ती अशोक चौकात गेली. भाऊजी चादरींच्या कारखान्यात होते. तिनं घराच्या पुढच्या खोलीत मशीन मांडलं, मग हळूहळू अस्तर, फॉल, ब्लाउजचं कापड ठेवायला लागली, आणि दहा वर्षांत त्या खोलीचं मॅचिंग सेंटर झालं. भिंतभर फळ्या आणि त्यावर रंगांच्या घड्या. बायका पिशवीतून साडी घेऊन यायच्या. अक्का पिशवीत एक नजर टाकायची, मागं न वळता हात लांब करायची आणि जो तुकडा निघायचा तो साडीवर ठेवला की कुठं साडी संपली आणि कुठं ब्लाउज सुरू झाला कळायचं नाही. एखादी म्हणायची, जरा बाहेर उजेडात बघू का? "बघ की," अक्का म्हणायची, "ऊन माझ्याच बाजूनं हाय." तिच्याकडं रंगांची नावंही तिचीच होती. चिंचेचा कोवळा पाला, फुटाणा, ओल्या शेंगेचं टरफल. पोटापुरतं मराठी शिकलेल्या तेलुगू बायका तिच्याकडं यायच्या, दखनी बोलणाऱ्या यायच्या, सगळ्यांना ती नावं कळायची.

मी शिकले, शिक्षिका झाले, सात रस्त्याजवळ फ्लॅट घेतला. माझी आवड बदलली, किंवा आवड बदलली असं मी ठरवलं. फिकट रंग, सुती साड्या, बारीक काठ, ब्लाउज मुद्दाम वेगळ्या रंगाचा. स्टाफरूममध्ये एक बाई साडीला जुळणाऱ्या बांगड्या, जुळणारी टिकली, जुळणारी पर्स घेऊन यायच्या, त्यांची आम्ही पाठीमागं टिंगल करायचो, आणि त्या टिंगलीत माझा आवाज सगळ्यात मोठा असायचा. दर श्रावणात अक्का जोडीनं साड्या घ्यायची. एक तिला, एक मला. माझा ब्लाउजही शिवून यायचा, कारण तिच्याकडं माझा मापाचा एक जुना ब्लाउज होता. राणी कलर, मोरपंखी, आंबा कलर. मी त्या कपाटाच्या वरच्या कप्प्यात टाकायची. तिचा फोन यायचा, "नेसलीस का गं?" मी म्हणायची, "हो तर. काल शाळेत नेसून गेले होते. सगळ्यांनी विचारलं, कुठून घेतली म्हणून." तिकडून तिचं हसू ऐकू यायचं. एवढं सोपं होतं तिला खूश करणं, आणि मी त्यासाठीसुद्धा खोटं वापरलं.

त्या वर्षी पोपटी इरकल आली. वरचा कप्पा भरला होता. महादेवी कपाट आवरायला मदत करत होती, तिनं त्या साडीवरून हात फिरवला, आणि मी म्हटलं, घेऊन जा. खरं सांगायचं तर तिला द्यावीशी वाटली म्हणून दिली नाही, जागा व्हावी म्हणून दिली. ब्लाउजसकट दिली. आठ वर्षं झाली याला.

पुढच्याच श्रावणी सोमवारची गोष्ट. शाळेला दुपारून सुट्टी होती. मी स्वयंपाकघरात होते. बेल वाजली, महादेवीनं दार उघडलं. सोमवार म्हणून ती जरा ठेवणीतली साडी नेसून आली होती, काम आटपून तशीच देवळात जाणार होती. मला बाहेरून काहीच बोलणं ऐकू येईना. मग महादेवीचा हसरा आवाज आला, "अगं बया! आपली सेम टू सेम की वो अक्का!" मी पदराला हात पुसत बाहेर आले. दारात अक्का उभी होती, पोपटी इरकल नेसून. दाराच्या आत महादेवी उभी होती, पोपटी इरकल नेसून. मला न कळवता ती आली होती, मला घेऊन सिद्धेश्वराच्या देवळात जायला. दोघींनी एकसारखं नटून जायचं म्हणून. आधल्याच आठवड्यात मी तिला फोनवर सांगितलं होतं की मी ती साडी शाळेत नेसून गेले होते.

अक्काच्या चेहऱ्यावर काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही, कारण मी खाली पाहत होते. मी काहीतरी म्हणाले... "अगं, म्हणजे, हिला फार आवडली, म्हणून मग..." अक्कानं मला पुरं करू दिलं नाही. "बरं केलंस. कपाटात कुजण्यापरीस अंगावर बरी." आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी भांडले असते आणि बरं झालं असतं. मग ती महादेवीकडं वळली, तिच्या ब्लाउजचा खांदा दोन बोटांनी उचलून बघितला. "ह्यो तुझ्या मापाचा न्हाय, खांद्यावरनं उतरतोय बघ. उद्या दुकानात ये, बसवून देते." आणि मला विचारलं, "येतीस का सिद्धेश्वराला?" मी म्हटलं, पेपर तपासायचेत. पेपर नव्हते. "असू दे," ती म्हणाली, आणि महादेवीला घेऊन गेली. मी गॅलरीतून पाहिलं. रिक्षात दोघी बसल्या, दोन पोपटी पदर वाऱ्यानं एकाच बाजूला उडत होते, आणि रिक्षा वळेपर्यंत मी तिथंच उभी होते.

त्या श्रावणानंतर अक्कानं मला साडी पाठवली नाही. आणि आणखी एक कबूल करते, पहिल्या वर्षी मला सुटल्यासारखं वाटलं. आम्ही बोलायचो, सणाला भेटायचो, ती शेंगाचटणी पाठवायची, मी तिचे डबे घासून परत करायची. पण तिनं "नेसलीस का गं?" असं पुन्हा कधी विचारलं नाही. माफी मागायची म्हणून मी दोनदा तिच्या दुकानापर्यंत गेले, आणि दोन्ही वेळा अस्तर घेऊन परत आले.

मग माझ्या केतकीचं लग्न ठरलं. केतकी पुण्यात नोकरी करते. तिच्या मैत्रिणींचं सगळं ठरवून चालतं, को-ऑर्ड सेट काय, ट्विनिंग काय, चार जणी एकाच कापडाचे शर्ट आणि पँट घालून फोटो काढतात. ते फोटो बघून अक्का एकदा पोट धरून हसली होती. "आमी जन्मभर हेच करतोय की! आमाला तर लोक बँडवाल्या म्हणायचे." लग्नाचंही केतकीनं सगळं रंगांवर बसवलं. हळदीला सगळ्या बायका एका रंगात, सीमांतपूजनाला दुसऱ्या. आणि तिनंच हट्ट धरला, लग्नाच्या दिवशी आई आणि मावशी सेम साडीत पाहिजेत. कल्पना तिची, पण अक्काला सांगताना मी ती माझी म्हणून सांगितली. मला वाटलं, हीच माझी माफी. तोंडानं म्हणायला नको, साडीच म्हणेल. जांभळ्या रंगाच्या, सोनेरी बुट्ट्यांच्या दोन साड्या घेतल्या. एक अक्काला नेऊन दिली. तिनं ती मांडीवर घेतली, पदर उलगडला, उलट्या बाजूनं विणकाम पाहिलं. "जोडीनं घेतलीस?" तिनं विचारलं. मी हो म्हटलं. ती बराच वेळ त्या साडीवरून हात फिरवत राहिली आणि मग म्हणाली, "लई दिवसांनी." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, मिटलं सगळं. घरी येताना मी खुशीत होते.

आणि माझा ब्लाउज मी सात रस्त्यावरच्या बुटीकमध्ये टाकला. मागं गळ्याला लटकन, बाहीला मण्यांचं काम, मोबाइलवर फोटो दाखवून करून घेतलेलं. अक्काचं वय झालंय, तिला कशाला त्रास, असं मी मनाशी म्हटलं. खरं काय ते मनालाही माहीत होतं. फोटोत ब्लाउज घरगुती दिसायला नको होता.

लग्नाच्या दिवशी अक्का आली ती तिच्या जुन्या मोरपंखी साडीत. केतकीचा चेहरा पडला. मी चारचौघांत विचारलं, "अगं, साडी कुठाय?" अक्का म्हणाली, "ब्लाउज झाला न्हाय गं शिवून." माझं डोकंच फिरलं. जी बाई गावभरच्या नवरीमुलींचे ब्लाउज दोन दिवसांत शिवून देते, तिचा स्वतःचा ब्लाउज महिनाभरात होत नाही? मला वाटलं, हा सूड आहे. आठवून, जपून ठेवून, बरोबर माझ्या मुलीच्या लग्नात काढलेला. व्याह्यांकडची माणसं ऐकत होती, तरी मी म्हणाले, "जगाचे शिवतेस आणि आपलाच राहिला होय?" ती हसली. "राहिला की." मग माझ्या पाठीमागं येऊन तिनं लटकन सरळ केलं, मुंढ्यापाशी बोट फिरवलं आणि म्हणाली, "चांगला बसवलाय." मी तेही टोमणा म्हणूनच घेतलं. फोटोत मी जांभळी आहे, ती मोरपंखी आहे, आणि दोघींच्या मध्ये केतकी.

पाच वर्षं मी ही गोष्ट नातेवाइकांत सांगत फिरले. माझ्या बाजूनं. एवढ्या हौसेनं जोडीची साडी घेतली आणि हिनं बघा कसं केलं... लोक मान डोलवायचे. काही अक्काला जाऊन विचारतही असतील. तिनं कुणालाच उलट उत्तर दिल्याचं माझ्या कानावर आलं नाही.

दिवसकार्य झाल्यावर रेखानं मला बोलावून घेतलं. दुकानाची खोली तशीच होती, मशीनवर कापड टाकलेलं, भाऊजी एका खुर्चीत बसलेले. रेखानं फळीच्या मागून एक पिशवी काढली. "मावशी, हे तुमचं हाय." आत ती जांभळी साडी होती, घडी न मोडलेली. साडीत तिचा ब्लाउजपीस, त्याला खडूची रेघसुद्धा नाही. आणि त्या पीसमध्ये गुंडाळून, टाचणी लावून ठेवलेला माझा मापाचा जुना ब्लाउज. मी रेखाकडं बघितलं. "हा असा का राहिला?" तिला वाटलं मला माहीत आहे. ती सहज म्हणाली, "तुमच्या पीसची वाट बघत हुत्या की. रोज म्हणायच्या, विजूचा पीस आला की दोन्ही एकदम कापते. मी म्हटलं, आत्या, तुमचा तरी शिवून घ्या. तर म्हणाल्या, एकला कापला तर ती जोडी कसली? लग्नाच्या आधल्या दिवशीपतुर टेबल मोकळं ठेवलं हुतं त्यांनी. तुमचा पीस आलाच न्हाय."

ब्लाउज झाला न्हाय गं शिवून. तिनं मला खरं तेच सांगितलं होतं, अगदी जसंच्या तसं. तिच्याशी मी इतकी वर्षं खोटं बोलत होते, म्हणून तिचं खरं मला ओळखता आलं नाही. मी भाऊजींच्या समोरच रडायला लागले. भाऊजींना काय झालं ते कळलं नाही, ते उठून पाणी आणायला गेले.

तो मापाचा ब्लाउज मी घरी आणला. वीसेक वर्षांपूर्वीचा असेल, गर्द लाल खणाचा, जोडीतलाच. तेव्हा मी सडपातळ होते. आता नाही, आणि तब्येतीवर बोललेलं मला आवडतही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीपाशी बसून मी तो उलटा केला. बाजूच्या शिवणी उसवून पुन्हा घातलेल्या होत्या. एकदा नाही, तीनदा. जुन्या टाक्यांच्या भोकांच्या रांगा एकीबाहेर एक दिसत होत्या. शेवटी आतलं कापड संपलं, तेव्हा बगलेखाली एक पट्टी जोडली होती, त्याच लाल खणाची. मापाच्या ब्लाउजला पट्टी जोडायला कुठलंही कापड चाललं असतं, तो कोण बघणार होतं? मी रेखाला फोन केला. ती म्हणाली, आत्यांचा तसलाच ब्लाउज चिंध्यांच्या गाठोड्यात आहे, त्याची एक बाजू कापलेली आहे.

अक्काला माझं वाढलेलं माप कळायचं तरी कसं, असं मी बोलून गेले, तशी महादेवी भांडी घासता घासता थांबली. "मी सांगायचे की अक्कांना," ती म्हणाली. "माझा ब्लाउज द्यायला गेले की दरवेळी इचारायच्या, बाईंची तब्येत कशी हाय, दंड भरलेत का, पोट सुटलंय का. मी हातानं दाखवायची, एवढं. मग त्या तितंच बसून उसवायच्या. मी म्हणायचे, अक्का, त्या तर तुमच्याकडं टाकत न्हाईत शिवायला. तर म्हणायच्या, टाकंल की. माप तयार असलेलं बरं." हे सांगून महादेवी पुन्हा भांड्यांकडं वळली. ती पोपटी साडी तिनं धुऊन, इस्त्री करून ठेवली आहे. परवा तिनं मला विचारलं, बाई, तुमाला पाहिजे का परत? मी नको म्हटलं. ती आता तिचीच आहे. त्या साडीत अक्काच्या शेजारी उभं राहायचा मान तिनं मिळवला आहे, मी नाही.

बुटीकचा तो लटकनवाला ब्लाउज मी कपाटातून काढून घालून पाहिला. दंडातच अडकला. मग दार लावून घेतलं आणि अक्काचा मापाचा ब्लाउज घातला. खांद्यावर बसला. दंडाला बसला. एक एक करत खालपर्यंत सगळे हुक लागले. मी आरशासमोर उभी राहिले, लाल खण, बगलेत तिच्या ब्लाउजची पट्टी. मग सवयीनं बोटांनी बाजूची शिवण चाचपली, आई दिवाळीच्या आधी चाचपायची तशी. पट्टीच्या आतल्या बाजूला, दोन्हीकडं, अर्धा-अर्धा इंच कापड दुमडून दाबून ठेवलेलं होतं. मी आणखी जाड होईन, तेव्हा उसवायला.